पहिले ५१२ बाइट : चार बिऱ्हाडे आणि एक दरवाजा

काळ्या पडद्यावर ‘एल’ आणि ‘आय’ ही दोन रोमन अक्षरे उमटतात आणि संगणक तिथेच थिजतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवू पाहणाऱ्या कित्येकांनी हे दृश्य पाहिले आहे. ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकांसोबत लिनक्सच्या सीडी येत, रविवारी दुपारी कोणीतरी हौसेने ती सीडी संगणकात घाली आणि संध्याकाळी घरातल्या एकुलत्या एक संगणकावर विंडोजही सुरू होत नाही आणि लिनक्सही नाही, अशी अवस्था होई.

त्या दोन अक्षरांचा नेमका अर्थ आहे आणि तो या धाग्यात पुढे येईल. आधी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. एका संगणकात दोन-तीन ऑपरेटिंग सिस्टीम नांदवताना होणाऱ्या बिघाडांचे खापर नेहमी वापरणाऱ्याच्या माथी फोडले जाते. ‘नसते उद्योग सांगितले कोणी?’ हा ठरलेला शेरा. जुनी कागदपत्रे मात्र वेगळे सांगतात. अनेक प्रणालींची सोय पीसीच्या मूळ आराखड्यातच होती. चार बिऱ्हाडांचा वाडा बांधला गेला, पण त्याला दरवाजा एकच ठेवला आणि त्याची किल्ली कोणाकडे राहावी हे कुठेही लिहून ठेवले नाही. पुढची चाळीस वर्षे जे घडले, ते या एका मौनातून घडले.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्यासाठी एक नव्हे, तर तीन प्रणाली जाहीर झाल्या होत्या : मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली पीसी-डॉस, डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत जन्मलेली पी-सिस्टीम. पीसी-डॉस ४० डॉलरला मिळे आणि सीपी/एम-८६ साठी २४० डॉलर मोजावे लागत. स्पर्धेचा निकाल या किमतींनीच बराचसा लावून टाकला. परंतु १९८१-८२ मध्ये तो निकाल कोणालाच ठाऊक नव्हता आणि आराखडे त्या अनिश्चिततेत आखले गेले. त्या पहिल्या पीसीत हार्ड डिस्क नसल्यामुळे प्रश्नही नव्हता. जी फ्लॉपी घालाल, ती प्रणाली चालेल.

मार्च १९८३ मध्ये पीसी-एक्सटी आला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि सोबत पीसी-डॉसची २.० ही आवृत्ती होती. फ्लॉपी बदलता येते, हार्ड डिस्क बदलता येत नाही. म्हणून डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरात, म्हणजे पहिल्या ५१२ बाइटांत, एक वाटणीपत्र लिहिण्याची पद्धत आयबीएमने सुरू केली. त्याचे नाव ‘मास्टर बूट रेकॉर्ड’. हिशेब असा : पहिले ४४६ बाइट एका चिमुकल्या प्रोग्रामसाठी, पुढचे ६४ बाइट वाटणीच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट ‘५५ एए’ या मोहरेसाठी. तक्त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार ओळी. चार ओळी, म्हणून चार पार्टिशन. प्रत्येक ओळीत ते पार्टिशन कुठे सुरू होते, कुठे संपते, कोणत्या प्रकारचे आहे आणि ते ‘सक्रिय’ आहे की नाही एवढीच माहिती. चार वेगवेगळ्या प्रणालींनी एकच डिस्क वाटून घ्यावी, हा या रचनेचा उघड हेतू होता. १९८४ मध्ये खुद्द आयबीएमने एक्सटीसाठी पीसी/आयएक्स नावाची युनिक्स प्रणाली विकायला काढली, म्हणजे दुसरे बिऱ्हाड आणण्याचा विचार निव्वळ कागदावरचा नव्हता.

आता कामाची पद्धत पाहू. संगणक सुरू होताच बायोस हा सेक्टर स्मृतीत उचलून ठेवतो, शेवटची मोहर तपासतो आणि त्या ४४६ बाइटांतील प्रोग्रामच्या हाती कारभार सोपवतो. तो प्रोग्राम तक्त्यातील सक्रिय पार्टिशन शोधतो, त्याचा पहिला सेक्टर उचलतो आणि कारभार पुढे ढकलतो. रचना सोपी आहे, म्हणूनच ती टिकली. मात्र त्या ४४६ बाइटांत कोणाचा प्रोग्राम असावा, नव्या प्रणालीने आधीचा प्रोग्राम पुसावा की जपावा, पुसला तर आधीच्या बिऱ्हाडाची वाट कोणी राखावी, याबद्दल एका शब्दाचाही नियम नव्हता. शेवटी जो येई तो आपले कुलूप लावी. बळी तो कान पिळी.

नियमाचा अभाव इतक्यावरच थांबत नाही. पार्टिशनचा प्रकार सांगणारा जो एक बाइट आहे, त्याचे क्रमांक वाटून देणारी कोणतीही अधिकृत संस्था नव्हती. ज्याला जो आवडला त्याने तो उचलला. ओएस/२ च्या एचपीएफएसने ०७ घेतला आणि विंडोज एनटीच्या एनटीएफएसनेही तोच घेतला. पीसीवरील सोलारिसने ८२ घेतला, लिनक्सने आपल्या स्वॅप पार्टिशनसाठी तोच ८२ वापरला. परिणामी लिनक्स बसवताना संपूर्ण सोलारिस ही मोकळी स्वॅप जागा समजून पुसली जाण्याचा धोका उभा राहिला. पुढे सोलारिसने क्रमांक बदलून बीएफ घेतला. एकाच सर्व्हे नंबरवर दोन सातबारे निघावेत, असा हा प्रकार. इतिहासाच्या विद्यार्थ्याला वतनांच्या तंट्यांत असली उदाहरणे ढिगाने भेटतात. फरक इतकाच, की तिथे महजर भरवण्याची सोय होती.

दुसरी अडचण अंकगणिताची होती आणि जुन्या यंत्रांवरील सर्वांत गूढ वाटणारे बिघाड तिच्यातूनच आले. डिस्कवरील जागा सांगण्यासाठी सिलिंडर, हेड आणि सेक्टर असे तीन आकडे वापरत. बायोसच्या जुन्या सेवेत सिलिंडरसाठी १० बिट होते, म्हणजे जास्तीत जास्त १०२४ सिलिंडर. सेक्टर ६३ पर्यंत. डिस्कच्या बाजूने, म्हणजे आयडीई जोडणीत, सिलिंडर भरपूर होते, पण हेड मात्र जास्तीत जास्त १६. दोन्ही बाजूंनी आपापली मर्यादा उदारपणे ठरवली होती. एकत्र आल्यावर मात्र दोघांतला कंजूषपणाच शिल्लक राहिला. १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ गुणिले ५१२, म्हणजे सुमारे ५२.८ कोटी बाइट. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात डिस्क या आकड्यावर येऊन आदळल्या. मग बायोसने खोटे बोलायला सुरुवात केली : हेड २५५ असल्याचे भासवायचे आणि सिलिंडर त्या प्रमाणात कमी सांगायचे. त्यामुळे मर्यादा ८.४ गिगाबाइटपर्यंत सरकली. दशक संपता संपता तीही अपुरी पडली आणि सलग क्रमांकांनी सेक्टर मागण्याची नवी सेवा रुळली. त्यानंतरची भिंत १३७ गिगाबाइटला होती, कारण त्या क्रमांकासाठी २८ बिटच राखले होते.

यातली मेख अशी, की या मर्यादा फक्त सुरुवातीच्या काही क्षणांपुरत्या लागू होत. लिनक्सचा गाभा एकदा स्मृतीत आला, की तो बायोसला विचारतच नसे. सगळी डिस्क त्याला दिसे. त्यामुळे एक विलक्षण बिघाड संभवत होता. समजा, २० गिगाबाइटच्या डिस्कवर पुढे विंडोज आणि मागे लिनक्स आहे. बसवताना लिनक्सच्या गाभ्याची फाइल नशिबाने १०२४ व्या सिलिंडरच्या आत पडली. यंत्र महिनोन्महिने सुरळीत चालले. एके दिवशी गाभ्याची नवी आवृत्ती बसवली, ती फाइल सीमेपलीकडे पडली आणि दुसऱ्या दिवशी यंत्र उठलेच नाही. वापरणाऱ्याने काहीही चुकीचे केलेले नव्हते. डिस्कच्या अगदी सुरुवातीला ‘बूट’साठी एक छोटे पार्टिशन राखून ठेवा, हा जुन्या लिनक्स-पुस्तिकांतील सल्ला आज कर्मकांडासारखा वाटतो. त्याचे मूळ या सीमेत आहे.

आता त्या दोन अक्षरांकडे येऊ. ‘लिलो’ हा लिनक्सचा आरंभीचा बूटलोडर वेर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिला. ४४६ बाइटांत सविस्तर त्रुटिसंदेश मावत नाहीत. म्हणून त्यांनी युक्ती केली : कामाचा एकेक टप्पा पार पडला, की आपल्याच नावाचे एकेक अक्षर छापायचे. पूर्ण नाव उमटले, तर सगळे टप्पे पार. फक्त ‘एल’ आणि त्यापुढे आकड्यांची रांग, तर पहिला टप्पा सुरू झाला, पण डिस्क वाचता येत नाही. ‘एलआय’, तर दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला, पण तो चालवता आला नाही. बहुधा बायोस आणि लिनक्स यांच्या डिस्कच्या मापांत मेळ नाही, किंवा ती फाइल हलवल्यावर लिलो पुन्हा चालवलेला नाही. ‘एलआयएल’पर्यंत येऊन थांबला, तर दुसरा टप्पा चालू झाला, पण त्याला नकाशाची फाइल वाचता आली नाही. त्रुटिसंदेशाचा इतका काटकसरी आणि इतका प्रामाणिक नमुना माझ्या पाहण्यात दुसरा नाही. मोडक्या शिलालेखाप्रमाणे इथेही जिथे अक्षर तुटते, तीच जागा माहिती देते.

लिलोला फाइल म्हणजे काय हे कळत नसे. गाभा डिस्कच्या कोणत्या सेक्टरांत आहे, याची यादी तो आधीच टिपून ठेवी आणि डोळे मिटून त्या जागा वाची. म्हणून गाभा बदलला की लिलो पुन्हा चालवणे सक्तीचे. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रब’ने हे बंधन तोडले. ग्नू हर्ड ही प्रणाली सुरू करण्याच्या खटपटीतून तो जन्मला आणि तो फाइल सिस्टीम स्वतः वाचू शके. नाव टंकले, की फाइल शोधून आणी. दुसऱ्या प्रणालीचा प्रारंभ कसा करायचा हे माहीत नसल्यास तिचा पहिला सेक्टर उचलून तिच्याच हाती कारभार सोपवण्याची रीतही त्याच्याकडे होती. विंडोज याच रीतीने सुरू होई. मर्यादा मात्र बायोसचीच राहिली. जुन्या ग्रबची ‘त्रुटी १८’ म्हणजे पुन्हा तीच १०२४ सिलिंडरांची भिंत. ‘त्रुटी १७’ म्हणजे पार्टिशन सापडले, पण त्यातली फाइल सिस्टीम ओळखता आली नाही. मधले एखादे पार्टिशन पुसल्यामुळे पुढच्यांचे क्रमांक सरकले, की हमखास ही त्रुटी येई.

एवढ्या हुशार लोडरला ४४६ बाइट पुरणे शक्य नव्हते. मग ग्रबने पहिल्या सेक्टराच्या मागची रिकामी जागा वापरली. जुन्या रीतीप्रमाणे पहिले पार्टिशन ६३ सेक्टर सोडून सुरू होई, त्यामुळे मध्ये ६२ सेक्टर पडीक राहत. पडीक जमिनीवर मालक नसतो, पण वहिवाटदार बरेच असतात. १९८७ मध्ये न्यूझीलंडमध्ये उगम पावलेला ‘स्टोन्ड’ हा विषाणू हार्ड डिस्कचा मूळ पहिला सेक्टर उचलून याच पट्ट्यातील सातव्या सेक्टरात ठेवत असे आणि स्वतः दारात बसत असे. पुढे काही व्यापारी प्रोग्रामांनी नक्कल रोखण्यासाठीच्या आपल्या खुणा याच पट्ट्यात लिहिल्या आणि त्यासरशी ग्रबचे तुकडे पुसले गेले. विषाणूंच्या भीतीने बायोस बनवणाऱ्यांनी पहिल्या सेक्टरावर लिहू न देणारा पहारा ठेवला. तो चालू असेल, तर नवी प्रणाली बसवतानाच अडथळा येई. जुन्या यंत्रावर बसवणी विनाकारण अडत असेल, तर बायोसमधील ही विषाणूसूचना आधी बंद करून पाहावी, ती यामुळेच.

दरवाजाचा प्रश्न सभ्यपणे सोडवण्याचे प्रयत्नही झाले. १९९२ च्या ओएस/२ २.० सोबत आलेला बूट मॅनेजर स्वतःसाठी एक चिमुकले पार्टिशन घेई आणि तिथून सर्वांना वाट देई. विंडोज एनटी आधीच्या डॉसचा बूट सेक्टर एका फाइलीत जपून ठेवी आणि आपल्या यादीत त्याला स्थान देई. हुशार मंडळींनी याच खुंटीला लिनक्सही टांगला : लिनक्सचा बूट सेक्टर फाइलीत उतरवायचा आणि एनटीच्या यादीत एक ओळ वाढवायची. विंडोज ९५ मात्र बसताना ४४६ बाइट सरळ पुसून आपला प्रोग्राम लिही. आधी विंडोज, मग लिनक्स हा क्रम त्यातून आला.

इथवरचे सारे दुर्लक्ष किंवा आळस म्हणून सोडून देता आले असते. पण दरवाजा ही सत्तेची जागा आहे, हे व्यापाऱ्यांना अभियंत्यांइतकेच लवकर कळले. ज्यां-लुई गासे यांच्या बी कंपनीने १९९८ मध्ये आपली बीओएस ही प्रणाली इंटेलच्या यंत्रांवर आणली. ती विंडोजच्या शेजारी राहण्यास तयार होती. हिताचीने जपानमध्ये आपल्या काही संगणकांवर विंडोज ९८ सोबत बीओएस बसवून दिली. परंतु ग्राहकाने संगणक सुरू केल्यावर निवडीची यादी दिसत नसे. सरळ विंडोज येई. बीओएस डिस्कवर होती, पण तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी ग्राहकाला स्वतः खटपट करावी लागे. विंडोजच्या परवान्यातील अटींमुळे उत्पादकांना दुसरा बूटलोडर दाखवता येत नाही, असा बी कंपनीचा आरोप होता. २००१ मध्ये कंपनीने आपली मालमत्ता पामला ११ दशलक्ष डॉलरना विकली, फेब्रुवारी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि सप्टेंबर २००३ मध्ये २३.२५ दशलक्ष डॉलरवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने कोणतीही चूक मान्य केली नाही. त्यामुळे या आरोपावर न्यायालयाचा निर्णय आला नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पण निर्णयाच्या जवळ जाणारा एक कागद उपलब्ध आहे. अमेरिकी सरकार विरुद्ध मायक्रोसॉफ्ट या खटल्यात नोव्हेंबर २००२ मध्ये जो अंतिम आदेश निघाला, त्यात एक छोटे कलम आहे : संगणक-उत्पादकाने बायोसमधून किंवा मायक्रोसॉफ्टेतर बूटलोडरमधून ग्राहकाला दुसरी प्रणाली सुरू करण्याचा पर्याय दिला, तर मायक्रोसॉफ्टने त्याला आडकाठी करू नये. १९८३ मध्ये जे लिहायचे राहिले, ते लिहायला १९ वर्षे आणि एका महासत्तेचे न्यायखाते लागले. तोवर बीओएस बाजारातून गेली होती.

थोडे विषयांतर, पण आपल्याकडच्या वाचकांना ओळखीचे. दोन प्रणालींच्या संगणकावर घड्याळ नेमके साडेपाच तास चुकते. विंडोज डॉसच्या वारशाने संगणकाच्या आतल्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे धरते. युनिक्सच्या परंपरेत तिथे जागतिक प्रमाणवेळ ठेवतात. लिनक्सने घड्याळ लावले की विंडोज साडेपाच तास मागे, विंडोजने लावले की लिनक्स साडेपाच तास पुढे. घड्याळाची बॅटरी संपली म्हणून ती बदलण्याआधी फरक किती आहे तेवढा पाहावा. तो नेमका साडेपाच तासांचा असेल, तर बॅटरी निर्दोष आहे. लिनक्सला आतले घड्याळ स्थानिक वेळेचे समजायला सांगितले, की तंटा मिटतो.

ज्यांच्याकडे असे जुने यंत्र अजून आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट विस्ताराने. काहीही बसवण्यापूर्वी पहिल्या सेक्टराची नक्कल काढून ती दुसऱ्या माध्यमावर ठेवावी. पूर्ण ५१२ बाइटांची घ्यावी. पण परत लिहिताना हात आवरावा. बिघाड फक्त बूटलोडरचा असेल, तर पहिले ४४६ बाइटच लिहावेत. मधल्या काळात पार्टिशन बदललेली असताना पूर्ण ५१२ लिहिले, तर जुना तक्ता परत येतो आणि धडधाकट पार्टिशन ‘नाहीशी’ होतात. माहिती जागेवरच असते, वाटणीपत्र मात्र जुने झालेले असते. अशा वेळी नवे काही न लिहिता तक्ता पुन्हा उभा करणारे साधन वापरावे. डॉसची ‘एफडिस्क /एमबीआर’ ही आज्ञाही साधारण याच मर्यादेत काम करते. प्रोग्राम बदलते आणि एरवी तक्त्याला हात लावत नाही. ती तेव्हाच्या अधिकृत पुस्तिकांत नोंदलेली नव्हती, तरी एका पिढीला तोंडपाठ होती. मात्र ज्या डिस्कवर विषाणूने किंवा एखाद्या डिस्क-व्यवस्थापकाने तक्ताच दुसरीकडे नेऊन ठेवला असेल, तिथे ही आज्ञा देऊ नये.

नव्या यंत्रांत ही रचना बदलली. यूईएफआयमध्ये दरवाजासाठी स्वतंत्र पार्टिशन आहे, प्रत्येक प्रणालीचा लोडर तिथे आपापल्या फोल्डरात राहतो आणि जीपीटी तक्त्यात साधारणपणे १२८ ओळी असतात. जागेचा तंटा मिटला. अधिकाराचा नव्या रूपात आला. २०१२ पासून विंडोज ८ सोबत ‘सिक्युअर बूट’ रूढ झाले, म्हणजे ज्याच्या लोडरवर मान्य स्वाक्षरी आहे तोच आत येणार, आणि बहुतेक यंत्रांत मान्य स्वाक्षरी मायक्रोसॉफ्टची. लिनक्सच्या वितरकांनी ‘शिम’ नावाचा छोटा लोडर मायक्रोसॉफ्टकडून स्वाक्षरी करून घेऊन वाट काढली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अद्यतनाने जुने, सदोष लोडर बाद ठरवले. दोन प्रणालींच्या यंत्रांना ते लागू होणार नव्हते. पण काही यंत्रांवर दुसरी प्रणाली आहे हे त्याला ओळखताच आले नाही आणि तिथला लिनक्स सुरू होईना. सिक्युअर बूट बंद करून आत शिरणे, हा तेव्हा सर्वत्र फिरलेला उपाय.

आणि जीपीटीच्या डिस्कवरही पहिला सेक्टर आहेच. त्यात जुन्या पद्धतीचा तक्ता आहे, त्यात सगळी डिस्क व्यापणारे ‘ईई’ प्रकारचे एकच पार्टिशन नोंदलेले आहे आणि शेवटी ‘५५ एए’ ही १९८३ ची मोहर आहे. एखाद्या जुन्या साधनाने ही डिस्क उघडली, तर ती रिकामी समजून त्याने पुसू नये, एवढ्यासाठी तो ठेवला आहे.